पेशी बदलली

आमच्या घरात पेशी म्हणजे कोर्टाची तारीख. इतर मराठी माणसं नुसतं तारीख म्हणतात, पण भिवंडीतलं निम्मं कोर्ट हिंदी-उर्दूत बोलतं. नारपोलीला बाबाचा एक गाळा होता. त्यात भाडेकरूंचे लूम, म्हणजे कापडाचे माग, चालायचे, आणि त्या लूमवाल्यांच्या तोंडून बाबाने हा शब्द उचलला. त्याला तो फार आवडला. "आज पेशी हाय," म्हणत तो सकाळी इस्त्रीचा पांढरा शर्ट घालायचा, गळ्यातली चेन कॉलरच्या बाहेर काढायचा आणि निघायचा. दुपारी परत आला की पाय धुता धुताच आईला ओरडून सांगायचा, "पेशी बदलली गो!" आणि खुशीत जेवायला बसायचा. पेशी बदलली म्हणजे तारीख पुढे गेली, आणि तारीख पुढे गेली म्हणजे आपलं भलं झालं, असा आमच्या घरचा हिशेब होता.

मी शाळेत विज्ञान शिकवते. माझ्यासाठी पेशी म्हणजे कांद्याची पातळ पापुद्र्यासारखी साल, काचपट्टीवर ठेवलेली, वर आयोडिनचा थेंब. मुलं सूक्ष्मदर्शकाला डोळा लावतात आणि म्हणतात, बाई, विटा दिसतात. एका शब्दाचे दोन अर्थ असतात हे आमच्या शाळेतल्या मराठीच्या बाई मुलांना हसत-खेळत शिकवतात. मला त्या प्रकारात आता हसू येत नाही.

खटला जमिनीचा होता. वळ गावाच्या बाजूला आमचं भाताचं शेत. मी लहान असताना त्याला कुणी विचारत नव्हतं. मग दोन हजार सालानंतर आजूबाजूला गोदामं उठायला लागली, ट्रक फिरायला लागले, आणि बाबाच्या चुलत भावाला एकदम आठवलं की आजोबांच्या वेळची वाटणी चुकली होती. त्याने दावा लावला. बाबाची बाजू खरी होती की त्याची, हे मला आजही माहीत नाही आणि खरं सांगायचं तर त्याचं मला काही पडलेलं नाही. एवढं मात्र खरं की कब्जा बाबाचा होता. आणि वकिलांनी पहिल्याच भेटीत बाबाला मंत्र दिला होता: ज्याचा कब्जा, त्याला तारखेची भीती नाही. दावा जितका लांबेल तितकं कब्जेदाराचं बरं. त्याने नुसतं बसून राहायचं.

बाबा खरोखरच बसून राहायचा. रोज सकाळी चहा घेतला की तो शेतावर जायचा आणि रानभेंडीच्या डेरेदार झाडाखाली प्लास्टिकची खुर्ची टाकून बसायचा. काही काम नसायचं. भात लावून झालेला असायचा किंवा कापून झालेला असायचा. तरी तो बसायचा, कारण चुलतभावाने येता-जाता बघितलं पाहिजे की मालक जागेवर आहे. पावसात छत्री घेऊन बसायचा. ताप असला तरी बसायचा. माझ्या लग्नाच्या दिवशीसुद्धा तो तासभर तिथे जाऊन बसून आला होता, आणि वरात दारात येईपर्यंत आई त्याच्या नावाने बोटं मोडत होती. तारखांना वकील गेला तरी चालत असे, हे तो मला समजावून सांगायचा. पण कब्जा माणसाने स्वतःच्या अंगाने राखायचा असतो.

याच माणसाच्या छातीत जळजळ होती. कधीपासून, ते त्यालाही सांगता आलं नसतं. मला आठवतंय तेव्हापासून तो जेवण झालं की छातीवर तळवा चोळायचा आणि एक मोठा ढेकर द्यायचा. रात्री आडवा पडला की आंबट पाणी घशाशी यायचं, म्हणून तो आरामखुर्चीतच झोपायचा. आमच्याकडे याला आजार म्हणत नाहीत. सुकटीचं कालवण झणझणीत झालं असेल, असं म्हणतात. एसटी स्टँडजवळचा गोटी सोडा प्यायचा, नाहीतर पाण्यात फसफसणारी पावडर टाकून घ्यायची, मोठा ढेकर आला की प्रकरण मिटलं. वर बिड्या होत्याच. लग्नसराईत हळदी असायच्या. आमच्या हळदीला काय असतं हे ज्याने बघितलंय त्याला सांगायला नको, आणि ज्याने बघितलं नाही त्याला सांगून पटणार नाही. बेंजोच्या आवाजात पहाटेपर्यंत मटण, भाकरी आणि बाटल्या. बाबा तिथला मानकरी.

अशाच एका हळदीत तो छाती धरून खाली बसला. घामाने शर्ट भिजला. सगळ्यांना वाटलं हार्टअ‍ॅटॅक. त्याला गाडीत घालून दवाखान्यात नेलं, तिथे कार्डिओग्राम काढला, तर हृदय ठणठणीत. तिथल्या डॉक्टरने विचारलं, जळजळ किती वर्षांची? बाबाने माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, माझ्या जन्माआधीची. मग त्याने आम्हाला ठाण्याला एका पोटाच्या डॉक्टरांकडे पाठवलं, दुर्बिणीच्या तपासणीला.

दुर्बीण म्हटल्यावर बाबाला वाटलं लांबून बघतात. तोंडातून नळी आत घालतात हे कळल्यावर तो उठून चालायला लागला होता. आईने त्याचा शर्ट मागून धरून ठेवला. तपासणी झाली, आतून कणभर तुकडे काढून प्रयोगशाळेत पाठवले, आणि आठवड्याभराने आम्ही तिघं रिपोर्ट ऐकायला गेलो. तो आठवडा आमच्या घरात कुणी मोठ्याने बोललं नाही. शेजारच्या आळीत एक माणूस घशाच्या कॅन्सरने गेला होता, ते सगळ्यांनी पाहिलं होतं. तो शब्द तोंडातून न काढता आई देवापुढे बसून राहायची.

डॉक्टर तरुण होते, पुण्याकडचे असावेत. बोलणं पुस्तकी पण माणूस चांगला. त्यांनी कागदावर अन्ननलिका काढली, खाली जठराची पिशवी काढली. म्हणाले, "काका, पहिली गोष्ट, हा कॅन्सर नाही." आईने तिथल्या तिथे हात जोडले. "पण जठरातलं आम्ल इतकी वर्षं वर येऊन नळीला भाजत राहिलंय. नळीची आतली कातडी नाजूक असते, तोंडातल्यासारखी. तिला ते भाजणं सोसेना, म्हणून खालच्या भागात तिच्या जागी आतड्यासारखी कातडी आलीय. आणि त्यातल्या थोड्या पेशी बदलल्यात."

बाबाचा चेहरा फुलला. तो म्हणाला, "बदलली? मंग आथा कवाची दिली?"

डॉक्टर त्याच्याकडे बघतच राहिले. मला समजलं आणि मला हसू आलं. आठवडाभराची भीती अंगातून उतरत होती, आणि मी पदरात तोंड घालून हसले. आईही हसली. डॉक्टरांना मी समजावून सांगितलं तेव्हा तेही हसले आणि म्हणाले, "तसं म्हटलं तर बरोबर आहे काका. सहा महिन्यांनी यायचंय." त्या खोलीत आम्ही चौघंही हसत होतो.

मग त्यांनी सगळं नीट सांगितलं. मला शब्दन् शब्द आठवतो, कारण पुढे दोन वर्षं मी तेच बोलत होते. रिपोर्टात या बदलाला डिस्प्लेझिया म्हणतात. आत्ता तो सौम्य आहे. रोज आम्ल कमी करणारी गोळी घ्यायची, बिडी बंद, दारू बंद, पोट कमी करायचं, आणि सहा महिन्यांनी पुन्हा दुर्बीण. बऱ्याच जणांचं पुढे काहीच होत नाही. पण काहींच्या पेशी आणखी बिघडत जातात. तेव्हा वेळेवर दिसलं तर दुर्बिणीतूनच तेवढी कातडी सोलून काढता येते, मुंबईत ती सोय आहे, छातीला सुरी लावावी लागत नाही. उशीर झाला आणि कॅन्सर खोल गेला, तर मग छाती उघडून नळी काढावी लागते, आणि तेही जमलं तर. "म्हणून काका, दुखत नसलं तरी यायचं. हे दुखत नाही, हाच त्याचा वाईटपणा."

या सगळ्यातलं बाबाने एकच वाक्य घरी आणलं. बऱ्याच जणांचं पुढे काही होत नाही.

गावात त्याने सांगितलं, "माजा डिस्प्ले जरासा खराब झालाय, बाकी मना काय न्हाय." तेव्हा हातोहाती मोबाइल आले होते आणि जो तो डिस्प्ले गेला म्हणून भिवंडीच्या दुकानात खेटे घालत असे. लोक खो खो हसले. आईने कुलदेवीला नारळ फोडला. मी सासरी, भिवंडी शहरात परत गेले, शाळा सुरू झाली, आणि मला वाटलं, सुटलो.

गोळीने मात्र घात केला. चार दिवसांत जळजळ थांबली. आयुष्यात पहिल्यांदा तो पाठ टेकून झोपला. आईच्या डोळ्यांत पाणी आलं, आरामखुर्ची तिने ओट्यावर नेऊन ठेवली. ज्या माणसाला आजार म्हणजे जळजळ एवढंच ठाऊक, त्याची जळजळ गेली तर आजार कुठे उरला? त्याने बिडी कमी केली, सोडली नाही. हळदी चालू झाल्या. गोळी घेतली की मटण पचतं, असा शोध लावून त्याने ती गोळी दोन-तीन दोस्तांनाही वाटली.

सहा महिने भरले. मी फोन केला, "बाबा, दुर्बिणीला जायचंय." तो म्हणाला, भात कापणी चाललीय. कापणी झाली तेव्हा दावा साक्षीला आला होता. साक्ष झाली तेव्हा लग्नसराई. मी गावी गेले, भांडले, पुढ्यातलं ताट बाजूला सारलं, रडलेसुद्धा. त्याने मला जवळ बसवलं आणि वकिलाने त्याला समजावलं होतं तसंच मला समजावायला लागला.

"बाय, तू शिकल्यालीस, पन तुना कोर्ट कलत न्हाय. निकाल लागला का? न्हाय. कॅन्सर हाय का? न्हाय. मंग आपुन व्हऊन कनाला पुढं जावाचं? पेशी जावं दे पुढं. जेवरी पुढं जाल तेवरं आपलं बरं."

"बाबा, ही ती पेशी नाही!"

"पेशी ती पेशी," तो म्हणाला.

आणि नंतर त्याने जे केलं ते फक्त माझ्या बापालाच सुचू शकतं. मी पाठ सोडत नाही म्हटल्यावर त्याने फाइल देऊन आईला एकटीला ठाण्याला पाठवलं. आपल्या वतीने हजेरी लावायला. आई बिचारी चांगलं लुगडं नेसून, फाइल छातीशी धरून नंबर लावून बसली. आत गेल्यावर डॉक्टरांनी विचारलं, काका कुठे आहेत? आई म्हणाली, "त्यांना येवाला जमला न्हाय. तुमी पुढची तारीख द्या." डॉक्टरांनी म्हणे फाइल मिटली. मग म्हणाले, "काकू, दुर्बीण मी या फाइलमध्ये घालू का?" आईला ते लागलं. घरी येऊन ती दोन दिवस बाबाशी बोलली नाही, पण फाइलवर डॉक्टरांनी लिहिलेली पुढच्या महिन्याची तारीख तिने त्याच्यापुढे ठेवली. बाबाने ती वाचली आणि समाधानाने म्हणाला, "दिली ना? मंग!"

ही गोष्ट आमच्याकडे कित्येक दिवस विनोद म्हणून सांगितली जायची. सांगणारा बाबाच असायचा, आईचं लुगडं, आईचा आवाज, डॉक्टरांचा चेहरा, सगळं करून दाखवायचा. ऐकणारे गडबडा लोळायचे. मला राग यायचा. मला अजून राग येतो. कुणावर, ते कळत नाही. त्या शब्दावर येतो. डॉक्टरांनी पेशी न म्हणता दुसरं काहीही म्हटलं असतं तर, असं मी पुष्कळदा मनाशी घोळवलं आहे. पण बाबाला मी ओळखते. त्याने त्या दुसऱ्या शब्दातूनही पळवाट काढली असती. आयुष्यात एकच विद्या त्याला नीट शिकवली गेली होती, थांबून राहण्याची, आणि त्या विद्येने त्याला तोवर कधी दगा दिला नव्हता.

वर्ष गेलं, दुसरंही सरत आलं. दिवाळीत मी माहेरी गेले तेव्हा जेवताना पाहिलं, बाबा भाकरीचा तुकडा कालवणात बुडवून बुडवून अगदी लगदा करून खात होता. प्रत्येक घासाला पाण्याचा घोट. मी विचारलं, तर म्हणाला, भाकरी जाड झालीय. आई म्हणाली, "माज्या भाकरीला चालीस वरसांत कोनी नाव ठेवलं न्हाय." तिने ते चिडून म्हटलं, पण तिचा चेहरा पडला होता. मग कळलं की भाकरी अडकते हे महिन्याभरापासून चाललंय. तो सकाळी भात मऊ करून मागतो. पट्टा दोन भोकं आत गेलाय. गोळी चालूच होती, जळजळ नव्हतीच.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो शेतावर गेला, त्याच्यामागोमाग मीही गेले. भेंडीखाली तो खुर्चीत बसला होता, मी बांधावर बसले. समोर गोदामांच्या पत्र्यांवर ऊन पडलं होतं आणि ट्रक मागे घेताना क्लीनर पोरं त्याच्या फळ्या बडवत ओरडत होती. दोन वर्षं मी त्याला विज्ञान सांगितलं होतं. विटा, कातडी, आम्ल, रिपोर्ट. त्या सकाळी मला विज्ञानाचा कंटाळा आला होता आणि बापाचाही. मी म्हटलं, "बाबा, तू दोन वर्षं इथे बसायला आला नाहीस तर काय होईल?"

"काय व्हनार? तो हरामखोर तारेचा कुंपन घालंल."

"मग?"

"मंग आनखी दोन वरसांनी बोलंल, कब्जा माजा. कोर्ट पन तसाच बोलंल."

"तुझ्या नळीत दोन वर्षं कोण गेलंय बघायला?"

तो माझ्याकडे बघायला लागला.

"तिथे कब्जा तुझा नाहीये, बाबा. त्या बदललेल्या पेशींचा आहे. तारीख पुढे गेली की फायदा कब्जेदाराचा. तूच सांगतोस ना? दोन वर्षं त्या बसल्यात तिथे खुर्ची टाकून, आणि तू त्यांना तारखा देतोयस."

समोरचा ट्रक मागे येत गोदामाला लागला, पोरांचा आरडाओरडा थांबला. बाबाने छातीवर तळवा ठेवला, पूर्वी चोळायचा तिथेच. त्याचं तोंड इतकं उतरलं की मला वाटलं, उगाच बोलले. मग तो हळूच म्हणाला, "असा हाय तं. असा आधी सांगाचा व्हतास ना, बाय."

दोन वर्षं मी दुसरं काय सांगत होते? पण त्याच्या भाषेत ते तोवर कुणी त्याला सांगितलं नव्हतं, डॉक्टरांनी नाही, मी नाही, हेही खरं. त्याने खुर्ची उलटी करून झाडाला टेकवली आणि माझ्याबरोबर घरी आला. दुसऱ्या दिवशी आम्ही ठाण्याला गेलो. त्याने पेशीचा पांढरा शर्ट घातला होता. गळ्याशी तो सैल झाला होता.

नळी आत गेली, पण खालपर्यंत गेली नाही. वाट अरुंद झाली होती. डॉक्टर बाहेर आले तेव्हाच मी समजले, कारण ते माझ्याकडे न बघता हात पुसत होते. त्यांनी कुणाला दोष दिला नाही. एवढंच म्हणाले की आता तुकडा पाठवायचा तो नुसता नियम म्हणून. मग मुंबईचं मोठं हॉस्पिटल, मोठी यंत्रं, लांबच लांब रांगा. तिथल्या डॉक्टरांनी सांगितलं की गाठ नळीच्या बाहेर गेली आहे, यकृतावरही ठिपके आहेत, कापून उपयोग नाही. दुर्बिणीतून सोलून काढायची वेळ होती, ती कधीची टळली होती. मी विचारलं, वर्षापूर्वी आलो असतो तर? ते म्हणाले, तसं आता सांगता येणार नाही. हे उत्तर त्यांनी माझ्यावर दया म्हणून दिलं असावं. मला ती दया नको होती. मला कुणीतरी स्पष्ट हो म्हणायला हवं होतं.

पाणी तरी उतरावं म्हणून त्यांनी नळीत एक जाळीची नळी बसवली. तिच्यातून पेज जायची, दूध जायचं, सुकटीच्या कालवणाचं वरचं पाणी गाळून जायचं. ते त्याने मागून घेतलं होतं. आईने मिरची न घालता केलं तर त्याने वाटी सरकवून दिली. आईने रडत रडत दुसऱ्यांदा केलं, मिरची घालून. दोन चमचे गेले. तेवढ्यावर तो खूश झाला.

शेतावर जाणं बंद झालं. ओट्यावरची आरामखुर्ची पुन्हा आत आली. एके दिवशी चुलतकाका भेटायला आला, ज्याने दावा लावला होता तो. कित्येक वर्षांत त्याने आमचा उंबरा ओलांडला नव्हता. बाबाला बघून तो मोठ्याने रडायला लागला. "दादा, नको मना ती जमीन. मी केस मागं घेतो." बाबाचा आवाज बसला होता, श्वास पुरत नव्हता. त्याने हाताने काकाला जवळ बोलावलं. आम्हाला वाटलं, आता दोघं भाऊ गळ्यात गळा घालतील. बाबा त्याच्या कानाशी म्हणाला, "कोर्टान बघू." काका रडता रडता हसला, बाबाही हसला, आणि मग खोकल्याने त्याचा जीव घाबरा झाला.

मी त्याच्या उशाशी बसून असायचे. शाळेला रजा टाकली होती. एकदा तो अर्धवट गुंगीत होता, डोळे मिटलेले, आणि एकदम त्याने विचारलं, "बाय, आपली पेशी कवा?" कोणती पेशी, ते मी विचारलं नाही. मी म्हटलं, पुढे गेलीय बाबा. त्याचा चेहरा निवळला. तो म्हणाला, बरं झालं. नंतर पुष्कळ काही बोलला असेल, पण मला आठवतं ते हेच.

तो गेला. काकाने दावा मागे घेतला नाही. त्याच्या मुलांनी घेऊ दिला नाही, असं म्हणतात. आईला कोर्टाची पायरी चढवत नव्हती, म्हणून पुढच्या तारखेला मी गेले. वकील म्हणाले होते, ताई, तुम्ही नाही आलात तरी चालेल, मी आहे. मी म्हटलं, मी स्वतः येणार.

व्हरांड्यात गर्दी होती. बाकावर माझ्या शेजारी एक लूमवाला बसला होता, तो फोनवर कुणाला तरी सांगत होता, आज पेशी है. पट्टेवाल्याने दारात येऊन बाबाचं नाव पुकारलं. पूर्ण नाव, वडलांच्या नावासकट, आडनावासकट. रिवाजाप्रमाणे तीनदा पुकारलं. त्या व्हरांड्यात ते नाव इतक्या मोठ्याने घेतलेलं ऐकून मी उभीच राहिले. आत वकिलांनी हात जोडून सांगितलं, साहेब, पक्षकार मयत आहेत, वारसांची नावं लावायला वेळ हवा. साहेबांनी वर न बघता मान हलवली आणि काहीतरी लिहिलं.

बाहेर आल्यावर वकील खुशीत होते. बाबा खूश व्हायचा तसेच. "ताई, पेशी बदलली," ते म्हणाले. "सहा महिने मिळाले आपल्याला."

मला त्या माणसाच्या कानाखाली वाजवावीशी वाटली. त्याचा काही दोष नव्हता. मी विचारलं, "कुणाला मिळाले?"

त्यांना वाटलं मला कोर्टातलं कळत नाही. ते मला पहिल्यापासून समजावून सांगायला लागले, की कब्जा आपला आहे, आणि कब्जा असला की तारखेने काही बिघडत नाही.